कुंभार्लीत तापलेलं चाक

हेळवाक मागे टाकून घाट उतरायला लागले तेव्हा वाटलं, वास पुढच्या ट्रकचा आहे. कुंभार्ली घाटात ब्रेक जळाल्याचा वास काही नवा नाही. कराडकडून माल भरून उतरणारे ट्रक दुसऱ्या-तिसऱ्या वळणापासूनच तो सोडायला लागतात. पण तो ट्रक एका वळणावर कडेला थांबला, मी पुढे निघाले आणि वास माझ्याबरोबरच आला. गाडी डावीकडे ओढतही होती. स्टिअरिंग जरा सैल धरलं की कडेच्या गटाराकडे जायची तिला घाई.

पोफळीला थांबले. उजव्या पुढच्या चाकाजवळ हात नेला, कोमट. डाव्याजवळ नेला आणि झटकन मागे घेतला. भाकरी टाकण्याआधी तव्यावर हात धरून बघतो ना आपण, तेवढी धग. अर्धा तास तिथेच बसले, मग तिसऱ्या गिअरच्या वर न जाता घर गाठलं.

गाडी २०११ची वॅगन-आर. २२ जुलै २०२१ला पुराचं पाणी चिपळूण शहरात शिरलं तेव्हा ही आमच्या गल्लीत डॅशबोर्डपर्यंत बुडाली होती. नंतर सीटं काढून वाळवली, वायरिंग बदललं, आणि चिखल पुढे दोन वर्षं कुठून कुठून निघत राहिला. त्या दिवसापासून चिपळुणात एक सोय झाली आहे. काहीही बिघडलं की पुरावर ढकलायचं. माझं औषधाचं दुकान आहे. बीपी पुरापासूनच सुरू झालं असं सांगणारी गिऱ्हाइकं रोज भेटतात, आणि काहींचं खरंही असेल. मीसुद्धा घरात पाऊल टाकल्या टाकल्या तेच जाहीर केलं : पुराच्या चिखलाने कॅलिपर खाल्ला. कॅलिपर म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीला, डिस्कला, दोन बाजूंच्या घासपट्ट्यांनी, म्हणजे पॅडनी, आवळणारा ब्रेकचा चिमटा.

गॅरेजमध्ये विचारलं. दोन्ही बाजूंचे कॅलिपर नवे, मजुरीसकट साडेनऊ हजार. "आधी उघडून तरी बघा" म्हटलं तर "त्यात काय बघायचं मॅडम, जाम झालाय." निदान बरोबर असेलही, पण पेशंटला न तपासता लिहिलेल्या चिठ्ठ्या मी दिवसभर वाचते. तो सूर माझ्या ओळखीचा आहे.

मग उरले अण्णा. माझे वडील एसटीच्या चिपळूण आगारातून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले, आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. गुडघे दुखतात म्हणून स्वतः खाली बसत नाहीत. प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसतात आणि काठीने दाखवतात. त्यांची हयात हवेच्या ब्रेकवर गेली, त्यामुळे छोट्या गाडीचा ब्रेक म्हणजे त्यांच्या लेखी "तेलाचं खेळणं". तरी रविवारी सकाळी सातला आवाज दिला. "चल गो बाय. आधी बघू, तेल अडकलंय की लोखंड."

याचा अर्थ मला तासाभराने कळला. मागच्या चाकांना दगड लावले, जॅक चढवला, डावं चाक काढलं आणि ते आडवं करून गाडीखालीच सरकवलं, म्हणजे जॅक घसरला तरी गाडी माणसावर न येता चाकावर बसेल. मग डिस्क हाताने फिरवायला गेले. फिरेना. स्टड, म्हणजे चाकाचे नट ज्यांवर बसतात ते बोल्ट, दोन्ही हातांनी धरून जोर लावला तेव्हा कुरकुरत अर्धी फिरली. अण्णा म्हणाले, आता निपल सोड. निपल म्हणजे कॅलिपरच्या वरच्या अंगाला असलेला, हवा काढायचा पोकळ स्क्रू. तो गंजला होता आणि जोर लावला असता तर तुटून आतच राहिला असता. त्यांनी सांगितलेली युक्ती अशी : आधी केसभर आवळायचा, मग सोडायचा. आवळताना गंज टिचतो. 'कट्' असा बारीक आवाज आला आणि मग तो मुकाट्याने सुटला.

चहाच्या रंगाचं चार थेंब तेल आलं. डिस्क परत फिरवली, तशीच घट्ट. "तेल नव्हे, लोखंड," अण्णा म्हणाले. निपल सोडल्यावर डिस्क मोकळी झाली असती तर दोष होजचा, म्हणजे कॅलिपरला तेल पोचवणाऱ्या रबरी नळीचा असता. होज आतून फुगला की तेल पुढे जातं, पण मागे यायला वाट राहत नाही, आणि पॅड डिस्कला धरून बसतात. तसं असतं तर कॅलिपरला हात लावायचंही कारण नव्हतं. साडेनऊ हजार सांगणाऱ्याने एवढी दोन मिनिटं घालवली असती तर मी कदाचित त्याच्याकडेच काम दिलं असतं.

कॅलिपर सोडला. पॅड बाहेर काढले आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. बाहेरचा चांगला सहा मिलिमीटर. आतला जेमतेम दीड, तोही तिरका झिजलेला. आमच्या गाडीत पिस्टन, म्हणजे तेलाच्या दाबाने पुढे सरकणारा दट्ट्या, एकच आणि तो आतल्या बाजूला. ब्रेक दाबला की पिस्टन आतला पॅड डिस्कवर रेटतो, आणि त्याच्या उलट धक्क्याने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकत बाहेरचा पॅड ओढून आणतो. सरकणं बंद झालं की सगळं काम आतल्या पॅडच्या गळ्यात. वरची पिन बोटाने आतबाहेर होत होती. खालची हलत नव्हती. आणि पिस्टनही मागे जाईना; शिकंजा लावून दाबला तर शिकंजाच वाकायला लागला.

"दोन्ही दुखणी आहेत," अण्णा म्हणाले. "पिस्टन बाहेर काढूया. पण मी बाजारातून येईपर्यंत हात लावू नको." रविवार होता, उशीर झाला की चांगली मासळी मिळत नाही.

मी हात लावला.

पिस्टनची कड बाहेर दिसत होती, पक्कड हाताशी होती, आणि मला वाटलं जरा पिळून सैल करून ठेवू, तेवढंच काम पुढे जाईल. कड धरली, पिळली, पक्कड सटकली. पहिल्यांदा धुळीपासून राखणारा रबरी बूट टरकला. तो आधीच एका जागी फाटलेला होता, हे मला नंतर दिसलं. दुसऱ्यांदा पक्कडीचे दात पिस्टनच्या अंगावरून घसरले आणि चकचकीत क्रोमवर तीन समांतर ओरखडे उठले. मी पदराने, म्हणजे ओढणीने, पुसून बघितले. ओरखडे पुसून जात नाहीत.

अण्णा बांगड्याची पिशवी घेऊन आले. बघितलं. काही बोलले नाहीत, खुर्चीतून वाकले आणि अंगठ्याचं नख त्या ओरखड्यांवरून आडवं फिरवलं. टिक, टिक, टिक. "नखाला लागतंय."

मी म्हटलं, अण्णा, हा भाग तर बाहेरच असतो, तेलाशी त्याचा काय संबंध? त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मला आधी कधी सुचलं नव्हतं. आत्ता पॅड झिजलेत म्हणून पिस्टन एवढा बाहेर आलाय. नवे जाड पॅड घातले की तो तेवढाच आत ढकलावा लागणार. म्हणजे आज जो भाग उघड्यावर दिसतोय, गंज खातोय, ज्यावर तुझ्या पक्कडीचे दात उमटलेत, तोच उद्या तेल अडवणाऱ्या रबरी सीलच्या आत जाऊन बसणार. तिथून तेल पाझरणार किंवा तो भाग सील तासत बसणार. पिस्टन बदलायचा. विषय संपला.

काढायची खरी रीत मग त्यांनी दाखवली, आणि ती इतकी सोपी निघाली की मला रडू यायचं बाकी होतं. होज जोडलेलाच ठेवायचा, निपल बंद. कॅलिपरच्या तोंडात लाकडाची फळी घालायची, बोटं लांब, आणि धाकट्याला गाडीत बसवून ब्रेक दाबायला लावायचं. गाडीचाच ब्रेक गाडीचाच पिस्टन ढकलून काढतो. चौथ्या दाबाला थोडा हलला, नवव्याला फळीवर येऊन टेकला. फळी काढून शेवटचं बोटभर हाताने ओढलं. गॅरेजवाले हे काम कॉम्प्रेसरच्या हवेने करतात. त्यात पिस्टन गोळीसारखा सुटतो आणि त्याच्या वाटेत बोट असेल तर बोट जातं. मग होज सोडला आणि तेल ठिबकत राहू नये म्हणून अण्णांनी सीट आणि ब्रेकच्या पेडलमध्ये काठी अडकवली. पेडल थोडं दाबलेलं राहिलं की मास्टर सिलिंडरमधलं, म्हणजे पेडलने चालणाऱ्या मुख्य पंपातलं, तेलाच्या टाकीकडचं भोक झाकलं जातं. होजच्या तोंडावर हातमोज्याचं कापलेलं बोट बांधलं. हातमोजे माझ्या दुकानातले.

दुकानातलं बरंच काही त्या दिवशी कामी आलं. पन्नास मिलिलीटरच्या सिरिंजने टाकीतलं जुनं तेल उपसलं. दुधाच्या बाटलीच्या ब्रशने पिनांची भोकं घासली. कॅलिपरच्या पोटात बोट घातलं तर सीलच्या खाचेत गंजाची करकरीत पूड बसलेली. सील म्हणजे चौकोनी कापाचं रबरी कडं. ब्रेक दाबला की ते पिस्टनबरोबर किंचित मुरडतं आणि सोडला की सरळ होताना पिस्टनला मागे ओढतं. ब्रेक सुटतो तो एवढ्याशा मुरडीवर, दुसरी स्प्रिंग वगैरे तिथे नाही. खाचेत गंज साचला की तो सीलला मागून रेटतो, सील पिस्टनला आवळतं आणि मुरड मरते. फाटक्या बुटातून पाणी आत गेलं होतं. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. त्या भोकाला पुराची वाट बघायची गरज नव्हती.

खाच लोखंडी टोकाने खरवडायची नाही. बांबूच्या काडीला धार करून, दात घासायच्या जुन्या ब्रशने, पाऊण तास. मी स्पिरिटची बाटली काढली आणि परत ठेवली, कारण सर्जिकल स्पिरिटमध्ये कधी कधी एरंडेल असतं आणि ब्रेकमध्ये दुसरं कुठलंच तेल नको. शेवटचा हात नव्या ब्रेक ऑईलचाच दिला.

आता खालची पिन. पान्याने डावी-उजवी पिळत, गंज सोडवायचा स्प्रे मारत, वीसेक मिनिटांनी ती बुचासारखा 'टप्' आवाज करत निघाली. टोकाजवळ तिला एक रबरी बुश असतं. ते आषाढातल्या दरवाजासारखं फुगलं होतं. आणि त्याच्या भोवती पांढुरकं, मऊ, गुळगुळीत काहीतरी.

अण्णांनी ते दोन बोटांत चोळलं. "हे ग्रीस नव्हे. काय घातलंय हे? कुणी?"

मला चोळावं लागलं नाही. २०२३च्या मे महिन्यात पुढचे पॅड मी स्वतः बदलले होते, व्हिडिओ बघून, आणि त्याचा गाजावाजाही बराच केला होता. पिनांना सिलिकॉन ग्रीस लावा असं त्यात सांगितलं होतं. ते त्या दिवशी मिळालं नाही. दुकानात पेट्रोलियम जेलीच्या डब्या रांगेने होत्या. रबराला काहीतरी मऊच लावायचंय ना, म्हणून बोटभर घेतली आणि भरली. त्याच काउंटरवरून मी लाजत लाजत निरोध मागणाऱ्या पोरांना सांगते की त्याबरोबर जेली किंवा तेल वापरू नका, रबर खराब होतं. ते रबर वेगळं, त्याला भेगा जातात. ब्रेकमधलं रबर खनिज तेलाने फुगतं. पण जी गोष्ट मला दिवसातून दोनदा दुसऱ्याला सांगता येते ती गाडीखाली आडवं पडल्यावर आठवली नाही.

"मीच," म्हटलं.

"उजवीकडेही हेच?"

"हो."

अण्णांनी जॅककडे काठी केली. "मग तो आत ठेवू नको."

पुराबद्दल त्यानंतर कोणी काही बोललं नाही. वाशिष्ठी नदीच्या नावावर बरंच काही आहे, त्यात एक खोटं कमी झालं.

सीलचं किट आणि नव्या पिना बहादूरशेख नाक्याला मिळाल्या, दोन्ही बाजूंच्या. पिस्टन नव्हता. खेर्डीला एमआयडीसीत एक लेथवाला म्हणाला, माप द्या, संध्याकाळपर्यंत वळून देतो. मला मोह झाला. अण्णांनी मान हलवली : वळेल तो झकास, पण त्यावर क्रोम कोण चढवणार? नुसतं पोलाद एका पावसाळ्यात गंजेल आणि आपण परत इथेच बसू. पिस्टन शेवटी कराडहून मागवला, एसटीच्या पार्सलने. तो आणायला अण्णा स्वतः स्टँडवर गेले, इस्त्रीचा शर्ट घालून. अर्ध्या तासाचं काम, दोन तासांनी आले. मी विचारलं नाही.

पाच दिवस गाडी चाकाविना ठोकळ्यांवर होती. पार्सल आलं त्या संध्याकाळी जोडणी केली. नवं सील ब्रेक ऑईलमध्ये बुडवून खाचेत बसवलं, बोट फिरवून कुठे पीळ पडला नाही ना ते बघितलं. पिस्टनला तेल लावून सरळ धरला आणि दोन अंगठ्यांनी दाबला. जो जुना शिकंज्याला बधला नव्हता, त्याच जागी हा लोण्यात सुरी जावी तसा आत गेला, आणि होजच्या भोकातून हवा 'फुस्स' झाली. अण्णा खुर्चीतून म्हणाले, "हां." त्यांच्याकडून एवढं पुरे असतं. होजच्या बोल्टला तांब्याचे वॉशर नवे, दोन्ही बाजूंना. जुने एकदा दबले की परत धरत नाहीत. पिनांना सिलिकॉन ग्रीस, पातळ. जुने पॅड फेकले. डिस्कवर निळसर डाग होते, पण तिच्यावर कोरलेल्या कमीत कमी जाडीपेक्षा ती अण्णांच्या व्हर्नियरवर अजून जाड भरली, म्हणून ठेवली.

ब्रेकचं तेल डॉट ४ प्रतीचं घेतलं. टाकीच्या झाकणावर डॉट ३ लिहिलंय. दोन्ही एकाच जातीची, एकात एक चालतात. डॉट ३ नवं असताना कमीत कमी २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा शोषल्यावर मात्र १४०लाच उकळू शकतं. डॉट ४चे आकडे २३० आणि १५५. घाटात उतरणाऱ्याला ते पंधरा-पंचवीस अंश हवे असतात. घरात अर्धी उरलेली बाटली होती, दोन पावसाळे बघितलेली. उघडी राहिलेली ओआरएसची पुडी आमच्या हवेत दोन दिवसांत गोळा होते. हे तेलही तसंच हवेतलं पाणी पितं, फक्त दिसत नाही. बाटली टाकून दिली. डॉट ५ नावाचं एक सिलिकॉनचं तेल असतं, ते मात्र यात मिसळायचं नाही.

हवा काढायला निपलवर सलाईनच्या सेटची नळी लावली, दुसरं टोक बाटलीत, तेलाखाली बुडवलेलं. नळी पारदर्शक, त्यामुळे बुडबुडा न् बुडबुडा दिसतो. धाकटा पेडलवर.

"दाब."

"दाबला."

मी निपल सोडते, बुडबुडे पळतात, आवळते.

"सोड."

हे तीस-पस्तीस वेळा. टाकीवर अण्णांचा पहारा, कारण टाकी रिकामी झाली की हवा परत वरून शिरते आणि पहिल्यापासून सुरुवात. चहाच्या रंगाचं तेल हळूहळू पातळ, पिवळसर झालं. थोडं मडगार्डवर सांडलं. लगेच पाण्याने धुतलं म्हणून बरं, नाहीतर रंग उचलला असता.

मग उजवी बाजू. तिथलं बुशही फुगायला लागलं होतं, अजून अडकलं नव्हतं. बूट शाबूत, पिस्टन चकचकीत. सहा महिन्यांनी तोही वास आला असता. पिना आणि रबरं बदलली, तेलही नवं होईपर्यंत काढलं. त्या बाजूला मी पक्कड घेतलीच नाही. अण्णांनी ती आधीच आपल्या खुर्चीखाली ठेवली होती.

गाडी हलवण्याआधी पेडल दाबून बघणं विसरायचं नाही. पॅड नवे, पिस्टन आत, त्यामुळे पहिला दाब थेट तळाला जातो. चौथ्या-पाचव्या दाबाला पाय टणक लागला. गल्लीत दहाच्या वेगाने चार फेऱ्या, मग खेर्डीपर्यंत, मग दोन दिवस फक्त घर ते दुकान. तिसऱ्या दिवशी अण्णांना घेऊन घाट चढले आणि हेळवाकहून परत फिरले. उतरताना त्यांनी काच खाली केली आणि नाक बाहेर काढून बसले. पोफळीला, मागच्या वेळी थांबले होते त्याच जागी, गाडी लावली. ते काठी टेकत उतरले, डाव्या चाकाजवळ उलटा हात धरला, वळसा घालून उजव्याजवळ धरला, परत डाव्याशी आले. आत बसले.

"सारखं आहे. चहा घेऊया."

पेडल मात्र पूर्वीपेक्षा किंचित खोल जातंय असं मला वाटतं. अण्णा म्हणतात पॅड बसतायत, थोडे दिवस जाऊ देत. मला अजून एखादा बुडबुडा राहिल्याचा संशय आहे. येत्या रविवारी परत हवा काढणार, सलाईनचा एक सेट बाजूला काढून ठेवलाय. मासळी आणायला अण्णा मला पाठवणार आहेत.